शिरगावच्या टाळ्या

१

उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या माथ्यावर हरिचंद्रांची खोली होती. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी, खालची यंत्रे गप्प असताना, सकाळी तिथे 'खरखर' भरत असे. खरखर म्हणजे रॉक आणि मेटल ऐकणाऱ्या मोजक्या माणसांचे मंडळ. हरिचंद्र त्यातले ज्येष्ठ. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि कॅसेटची फीत पेन्सिलीने गुंडाळण्याच्या काळापासून हे संगीत ऐकत आलेले. मंडळाचे नियम त्यांनीच घालून दिले होते. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. ऐकताना बोलायचे नाही, फोन पाहायचा नाही, चहासुद्धा नंतर. आणि मत देताना आधी खोट सांगायची, मगच कौतुक. गोड बोलायला प्रत्येकाचे नातेवाईक आहेत, त्यासाठी जिना चढून इथे यायची गरज नाही, असे ते म्हणत.

या नियमामुळे तिथे मैत्री टिके आणि मते धारदार राहत. मागच्याच बैठकीत एका परदेशी बँडच्या नव्या अल्बमवर तासभर वाद झाला होता. त्यातला ड्रम कुकरच्या झाकणावर वाजवल्यासारखा वाटतो, असे हरिचंद्रांचे म्हणणे. रविनाने, जी बदलापूरला बँकेत नोकरीला होती आणि मंडळात सर्वांत फटकळ होती, त्या अल्बमची तुलना लग्नाच्या फोटोतल्या नवरीशी केली: इतका मेकअप की ओळखायचे कसे. वृंदाने दोघांचेही म्हणणे खोडून काढले होते. वृंदा महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे राहत असे, आणि मंडळाची मते इंटरनेटवरच्या पानावर लिहून काढण्याचे काम तिच्याकडे होते. तिच्या लिखाणात विशेषणे कमी असत. म्हणूनच ते वाचले जाई.

त्या सकाळी ऐकायला घेतला होता तो 'गाळ' या बँडचा अल्बम. बँड मंडळातल्याच प्रीतमचा. तो गिटार वाजवी आणि गाई, नितीन बेसवर आणि साईनाथ ड्रमवर. संगीत अतिशय संथ आणि जड. एक स्वर वाजला की तो पूर्ण विझेपर्यंत दुसऱ्याची वाट पाहावी लागे. बदलापूर पूर्वेला शिरगावात एका लग्नाच्या हॉलमध्ये दुपारी त्यांनी कार्यक्रम केला होता, आणि त्याचेच हे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण होते. पुण्याच्या एका आयोजकाने या मुद्रणाच्या भरवशावर 'गाळ'ला चार शहरांच्या दौऱ्यावर न्यायचे कबूल केले होते. प्रीतम भिंतीला टेकून बसला होता आणि कुणाकडेही पाहत नव्हता.

अल्बम संपला. हरिचंद्रांनी आधी वृंदाकडे पाहिले.

"खोट एकच आहे, पण मोठी आहे," ती म्हणाली. "टाळ्या."

"टाळ्यांचं काय?" प्रीतमने विचारले.

"त्या तुमच्या नाहीत. कुठल्या तरी मोठ्या मैदानातल्या आणून चिकटवल्यात."

प्रीतम हसला, कारण त्याला ती चेष्टा वाटली. मग त्याने इतरांकडे पाहिले आणि हसणे थांबवले. रविना आणि हरिचंद्र दोघेही त्या दुपारी हॉलमध्ये हजर होते. वृंदा तेवढी पेपर तपासण्यात अडकली होती. हॉलमध्ये माणसे किती होती हे त्या दोघांना विचारायचीही गरज नव्हती. पहिली रांगसुद्धा भरली नव्हती. हरिचंद्रांनी घसा साफ करून सांगितले, की मी जोर लावून टाळ्या वाजवल्या हे खरे, पण बाळा, एवढ्या मला जमायच्या नाहीत.

"मी काही घातलेलं नाही, ताई," प्रीतम म्हणाला. चहा न घेताच तो जिना उतरून गेला.

२

वृंदाने मत लिहिले आणि प्रसिद्ध केले. वादनाची स्तुती तिने हात आखडता न घेता केली होती. टाळ्यांविषयी एकच वाक्य होते. लोकांनी अर्थातच तेवढेच वाचले. मेटलच्या चाहत्यांना एक वेळ बेसूर गाणे चालते, बनवेगिरी चालत नाही. नावाजलेल्या बँडांनी स्टुडिओत बसून 'प्रत्यक्ष' अल्बम कसे शिवले याच्या कथा ही मंडळी चवीने सांगतात, आणि आता त्या कथांत बदलापूरच्या बँडची भर पडली. कुणी प्रीतमला विचारले की टाळ्या किलोवर मिळतात की डझनावर. पुण्याच्या आयोजकाने फोन करून शांतपणे कळवले, की हा प्रकार निस्तरेपर्यंत दौऱ्याचे तसेच राहू दे.

काही दिवसांनी प्रीतम वृंदाच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. हातात हार्ड डिस्क होती.

"यात सगळे माइक वेगवेगळे आहेत," तो म्हणाला. "मिक्स नाही, कट नाही, काही नाही. जसं हॉलमधून निघालं तसंच. तुम्हीच शोधा काय ते."

एरवी तो तिला 'तू' म्हणत असे. ते 'तुम्ही' तिच्या कानाला लागले.

"सापडलं नाही तर?"

"तर साईनाथ दुबईला जातोय मामाकडे. नितीन लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणार. संपलं." त्याने डिस्क टेबलावर ठेवली. "पण खोटारडा म्हणून नाही संपायचं मला. एवढंच."

वृंदाने डिस्क उचलली. तिला वाईट वाटत होते, हे ती नाकारत नव्हती. पण त्या वाईट वाटण्याच्या बरोबरीने दुसरे काहीतरी तिच्या मनात जागे झाले होते, आणि ते अधिक प्रामाणिक होते. तिला कुतूहल वाटत होते. बनवेगिरी करणारा माणूस कच्चा माल हातात आणून देत नाही.

३

हॉलमध्ये माइक तीन ठिकाणी होते: ड्रमच्या वर, म्हणजे स्टेजच्या अगदी मागच्या भिंतीलगत; गायकाच्या तोंडाशी, म्हणजे स्टेजच्या मध्यावर; आणि खुर्च्यांच्या पार शेवटी, दाराजवळच्या टेबलावर.

टाळ्या तिन्ही माइकवर होत्या. नंतर चिकटवल्या असत्या तर त्या सर्वत्र एकसारख्या असायला हव्या होत्या. तशा त्या नव्हत्या. प्रत्येक माइकने त्या आपापल्या जागेवरून ऐकल्या होत्या. ड्रमच्या झांजेचा थरार टाळ्यांखाली जसा विझत गेला होता, तो हुबेहूब वठवायला जे कसब लागते ते वृंदाच्या ओळखीत कुणाकडे नव्हते, प्रीतमकडे तर नव्हतेच. म्हणजे तो खरे बोलत होता. तिथे, त्या दुपारी, टाळ्या वाजल्या होत्या.

इथे थांबून मत मागे घेता आले असते. पण टाळ्या होत्या तर वाजवणारे कुठे होते, हा प्रश्न उरत होता, आणि तो सोडवण्याची रीत तिला ठाऊक होती. आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो. खुर्च्यांतून उठलेली टाळी आधी दाराजवळच्या माइकवर पोहोचेल, मग गायकाच्या, आणि सर्वांत शेवटी ड्रमच्या. तिने तिन्ही आलेख एकाखाली एक लावले.

क्रम उलटा होता. टाळी आधी ड्रमच्या माइकवर येत होती, मग गायकाच्या, मग दाराजवळच्या.

तिने स्वतःवरच संशय घेतला. तिन्ही मुद्रणे एकमेकांशी जुळलेली नसतील. म्हणून तिने साईनाथने गाण्याच्या आधी ताल देण्यासाठी आपटलेल्या काठ्यांचा आवाज तपासला. तो प्रत्येक माइकवर बरोबर जेव्हा यायचा तेव्हाच आला होता. भिंतीवरून उलटलेला प्रतिध्वनी असेल, असेही तिने धरून पाहिले. पण प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या मागून येतो, त्याच्या पुढे धावत नाही. शिवाय तिन्ही माइकवर टाळ्यांचा जोर जवळजवळ सारखाच होता. जवळचा आवाज दूर जाताना पडतो. हा पडला नव्हता, कारण तो मुळातच खूप लांबून येत होता आणि खूप रुंद होता.

टाळ्या वाजवणारे लोक ड्रमरच्या मागे होते. ड्रमरच्या मागे भिंत होती.

दुपार उतरली होती. बाहेर व्हरांड्यात प्रयोगशाळेचा शिपाई मोरीत काचपात्रे धूत होता, आणि तो आवाज तिला फार बरा वाटला. तिने हेडफोन पुन्हा लावले. शेवटच्या गाण्यात एक फसवा शेवट होता: वाद्ये पूर्ण थांबतात, ऐकणाऱ्याला गाणे संपलेसे वाटते, आणि मग ते पुन्हा सुरू होते. नवे गाणे कुठल्याही श्रोत्याला अशा जागी हमखास फसवते. दाराजवळच्या माइकवर, त्या शांततेत, एकट्या माणसाच्या टाळ्या स्पष्ट ऐकू आल्या आणि ओशाळून थांबल्या. ते नक्कीच हरिचंद्र होते. भिंतीमागची गर्दी मात्र फसली नाही. ती थांबून राहिली. गाणे खरोखर संपले तेव्हाच तिने टाळ्या वाजवल्या.

वृंदाने प्रीतमला फोन करून विचारले, की हे गाणे याआधी कुठे वाजवले होते.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "आदल्या आठवड्यात तर बसवलं. का?"

४

रविनाने त्या कार्यक्रमाचे चित्रण फोनवर केले होते. ती ते दाखवायला तयार नव्हती. तिच्या मते त्यात पाहण्यासारखे काही नव्हते, पुढच्या दोन्ही गाढवांनी तिच्याकडे पाठ केली होती. वृंदाने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

चित्रणात खरोखरच तसे होते. पहिले गाणे सुरू होण्याआधी प्रीतम स्टेजवर आला, त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले, थोडा वेळ माइकशी उगाच खटपट केली, आणि मग माइकचा दांडा उचलून फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नितीननेही त्याचे पाहून तेच केले. पुढचा सगळा वेळ पडद्यावर दोन पाठी आणि त्यांच्या पलीकडे साईनाथचे डोके दिसत होते.

प्रीतमने आढेवेढे न घेता कारण सांगितले. सरावाच्या खोलीत सगळे बँड असेच उभे राहतात, ड्रमरकडे तोंड करून. तिथे श्रोते नसतात, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. त्या दुपारी खुर्च्या बघून त्याचा जीव गेला होता. सगळ्या खुर्च्यांना लग्नाच्या पांढऱ्या खोळी घातलेल्या होत्या. "त्या खोळींसमोर गायचं म्हणजे कसं वाटतं, तुम्हाला नाही कळणार. म्हटलं प्रॅक्टिस समजू. नितीनला हळूच म्हटलं, भाई, अपना पब्लिक उधर है, और हाउसफुल है."

आणि मग, गंमत म्हणून, तो भिंतीशी बोलला होता. चित्रणात ते ऐकू येत होते. मोठ्या मैदानातले गायक बोलतात तसेच तो बोलला: कसे आहात, आवाज कुठे आहे, मागच्यांचा आवाज येत नाही. रविनाच्या फोनवर प्रत्येक हाकेनंतर लांबून घरघर उमटत होती. तिला तेव्हा ती हॉलचा जनरेटर वाटली होती.

"तुला स्वतःला काहीच ऐकू आलं नाही?" वृंदाने विचारले.

"गिटारच्या अँपच्या शेजारी उभं राहून? मला वाटलं कान वाजतायत." त्याने कान चोळला. "पण त्या दिवशी जसं वाजवलं ना, तसं मी कधीच वाजवलं नाही. ते तर तुम्हीच लिहिलंत."

तिने साईनाथलाही फोन केला. तो कानात बोळे घालूनच वाजवत असे, त्यामुळे आवाजाचे त्याला काही सांगता आले नाही. आठवले ते एवढेच, की पूर्ण वेळ मानेवर गार लागत होते. मागे पंखा लावला असेल असे समजून कार्यक्रमानंतर त्याने वळून पाहिले होते. पंखा नव्हता.

५

शिरगावचा तो हॉल नव्या इमारतींच्या रांगेच्या शेवटी होता. हॉलच्या पुढे रस्ता, मागे काहीच नाही. वृंदा आणि प्रीतम तिथे पोहोचले तेव्हा दुपारचे ऊन होते, आणि हॉल सांभाळणाऱ्या बकुळाबाई दाराशी बसून लसूण सोलत होत्या. वृंदाने तासाभरासाठी हॉल उघडून मागितला आणि आवाज मोजायचा आहे असे खरे कारण सांगितले. बकुळाबाईंना ते पटले नाही, पण किल्ली त्यांनी दिली.

"आवाज मोजाचा तं लग्नाला या," त्या म्हणाल्या. "आता आतमंदी कोन बोलाला बसलाय?"

वृंदा आधी इमारतीला वळसा घालून मागे गेली. स्टेजची भिंत बाहेरून ओळखता येत होती, कारण तिला खिडकी नव्हती. पलीकडे कापणी झालेले भाताचे शेत, त्यात बांधावर एक बगळा, आणि दूर डोंगर. शेजारी हॉल नाही, शाळा नाही, मैदान नाही. तिने भिंतीला हात लावला. भिंत उन्हाने तापली होती. इतर कुठल्याही भिंतीहून ती वेगळी नव्हती, आणि वृंदाची त्यामुळे थोडी निराशा झाली. कुठेतरी एखादा झरोका, एखादा पाइप, एखादे साधे कारण ती मनापासून शोधत होती. पण ते न सापडण्याची शक्यताही तिला तितकीच हवीशी वाटते आहे, हे तिच्या लक्षात आले.

परत येताना तिने बकुळाबाईंना विचारले, की स्टेजवर कुणी भिंतीकडे तोंड करून बसते का, एखादी पूजा वगैरे.

"नवरा-नवरी लोकांकडं बघतान," त्या म्हणाल्या. "भटजी बी. भितीकडं तोंड करून कोन कशाला बसल, बाय? कोनी रुसला तं बसल."

प्रीतम हसला. कित्येक दिवसांनी तो तिच्यासमोर हसत होता. वृंदाने त्याला बाहेरच थांबायला सांगितले. आत दोन माणसे असली की मोजणी बिघडते, असे ती म्हणाली. ते अगदी खोटे नव्हते.

६

आत अंधार नव्हता. उंच झरोक्यांतून पुरेसा उजेड येत होता. पंखे बंद होते. खुर्च्यांवर पांढऱ्या खोळी होत्या, आणि प्रीतमला काय वाटले असेल ते तिला आता थोडे कळले. तिने एक माइक दाराजवळ ठेवला, दुसरा स्टेजच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, मुद्रणाचे यंत्र गळ्यात अडकवले आणि हेडफोन लावले.

रिकाम्या खोलीचा एक आवाज असतो. हवेचा, तारांचा, रस्त्याचा मिळून तो बनतो आणि थोड्याच वेळात कान त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. वृंदाने तो ऐकला, नोंदवला. भिंतीजवळच्या माइकवर तो किंचित अधिक भरीव होता. जाडजूड भिंतीशेजारी तसे होऊ शकते. ती स्टेजवर चढली आणि खुर्च्यांकडे तोंड करून एक टाळी वाजवली. टाळी सर्वत्र जशी पोहोचायची तशी पोहोचली.

मग ती वळली आणि भिंतीसमोर उभी राहिली. पांढरा चुना, मध्यावर फुलांच्या सजावटीसाठी ठोकलेल्या खिळ्यांची ओळ. तिने खाकरून घसा मोकळा केला.

खोलीचा आवाज थांबला.

तो हळूहळू ओसरला नाही. तो पुढून मागे थांबत गेला, आधी जवळचा, मग त्यामागचा, मग फार लांबचा. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले की आतापर्यंत ती जे ऐकत होती ती हवा नव्हती, तारा नव्हत्या, रस्ता नव्हता. इतकी वर्षे ती वर्गात शिरत आली होती. दार उघडल्यावर कुजबुज कशी विरते, शेवटच्या बाकापर्यंत शांतता पोहोचायला किती वेळ लागतो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार? फक्त तिच्या वर्गाला शेवटचा बाक होता.

कुणीतरी खोकले, आणि तो खोकला लगेच दाबला.

वृंदाने हेडफोन काढले. उघड्या कानांना काहीही ऐकू येत नव्हते. बाहेर बकुळाबाईंच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. तिने हेडफोन पुन्हा लावले. शांतता तशीच होती, ताणलेली, सौजन्याची, तिची वाट पाहणारी. तिला भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण तिला नंतर पुन्हापुन्हा आठवले ते वेगळेच. तिच्या ओठांवर एक वाक्य येऊन उभे राहिले होते. काय बोलायचे ते तिला ठाऊक नव्हते. पण जे काही बोलेल ते इतक्या लक्षपूर्वक आजवर कुणीही ऐकले नसते.

तिने ते वाक्य गिळले. यंत्र बंद करून ती स्टेजवरून उतरली आणि खुर्च्यांना अडखळत, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली. त्यांच्याकडे पाठ फिरवणे तिच्याच्याने झाले नाही.

७

प्रीतम मोटारसायकलला टेकून उभा होता. तिचा चेहरा पाहून त्याने आधी पाण्याची बाटली पुढे केली आणि मग विचारले.

"सापडलं काही?"

वृंदा पाणी प्याली. काय सांगायचे हे ठरवायला तिला तेवढाच वेळ होता. भिंतीच्या मागे काय आहे ते तिला माहीत नव्हते, आणि जे माहीत नाही ते बोलायचे नाही ही तिची आयुष्यभराची शिस्त होती. जे माहीत होते ते एका वाक्यात मावत होते, आणि त्या वाक्यावर या मुलाचे सगळे अडले होते. नाव, दौरा, बँड.

"टाळ्या खऱ्या आहेत," ती म्हणाली. "तू काही घातलेलं नाहीस. आज संध्याकाळी मी तसं लिहीन, मोजमापांसकट. पुण्याला मी स्वतः फोन करते."

त्याने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मग, फार हळू, त्याने विचारले:

"तू ऐकलंस त्यांना?"

तो पुन्हा 'तू' म्हणाला होता. तिने होकाराची मान हलवली.

"किती असतील?"

दुसऱ्या कुणी पहिल्यांदा वेगळाच प्रश्न विचारला असता. कोण असतील, किंवा कसे शक्य आहे. पण पहिली रांगही न भरलेल्या हॉलमध्ये ज्याने गाणी म्हटली त्याला दुसरे काय सुचणार? वृंदाकडे अंदाज होता. तो तिने सांगितला नाही. आणि तिचे न सांगणे त्याला पुरेसे बोलके वाटले असावे, कारण त्याचा चेहरा उजळला.

"प्रीतम, आत जाऊ नकोस."

"का?"

"माहीत नाही."

"तू आणि माहीत नाही?" तो हसला, आणि त्या हसण्यात रागाचा लवलेश नव्हता. "ताई, आयुष्यात पहिल्यांदा हॉल भरलाय माझा. आणि मी बघायचं पण नाही? दोन मिनिटं. नुसतं थँक्यू म्हणून येतो."

त्याच्या हातात गिटार नव्हती, काहीच नव्हते. तो बकुळाबाईंना ओलांडून आत गेला. जाताना त्याने केसांतून हात फिरवला, शर्ट सारखा केला. वृंदा त्याच्या मागोमाग निघाली, पण दारापाशी आल्यावर तिचे पाय थांबले.

कारण आता हेडफोनची गरज उरली नव्हती. आधी ते दूर डोंगराकडे पडणाऱ्या पावसासारखे वाटले, मग जवळ आले, आणि मग त्यातल्या टाळ्या सुट्या ऐकू येऊ लागल्या. बकुळाबाईंनी मान वर केली, आभाळाकडे पाहिले, पुन्हा लसणीत लक्ष घातले.

वृंदाने आत पाहिले. प्रीतम स्टेजच्या मध्यावर उभा होता, खुर्च्यांकडे पाठ करून, दोन्ही हात वर उंचावून. तिने हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही; त्या गदारोळात त्याला ऐकू जाणे शक्यही नव्हते.

ऊन तिच्या पाठीमागून येत होते. दारातून आत पडलेली तिची सावली भिंतीच्या दिशेने पसरली होती, आणि प्रीतमची सावलीही त्याच दिशेने, त्याच्या पुढे, भिंतीवर पडायला हवी होती. भिंतीवर सावली नव्हती. ती उलटी, स्टेजवरून खाली उतरून, पांढऱ्या खोळींच्या रांगांवरून लांबच लांब दाराकडे आली होती. हात उंचावलेली, कडा सुरीसारख्या धारदार. सावलीची कड इतकी धारदार असेल तर प्रकाश एकाच लहान, लांबच्या, प्रखर दिव्याचा असावा लागतो, हे वृंदा दर वर्षी शिकवत असे.

त्याच्या सावलीच्या बोटांची टोके तिच्या चपलांना टेकली होती.